ठकठकीचा ताळा

गाडीतून 'ठक्' असा आवाज येतोय, हे आमच्या सौभाग्यवतींनी प्रथम सांगितले, तेव्हा मी तमाम नवरे करतात तेच केले. गाण्यांचा आवाज वाढवला. 'जुनी गाडी आहे, थोडी बोलणारच,' असा शेराही मारला. त्यावर त्या फक्त 'बरं' म्हणाल्या. इतक्या वर्षांच्या संसारानंतर या 'बरं'चा अर्थ मला कळायला हवा होता.

आठवडाभराने आवाज मलाही ऐकू येऊ लागला. सोसायटीच्या फाटकापाशी गतिरोधक आहे. त्यावरून चाक उतरले, की ठक्! पंधरा दिवसांनी नातीला घेऊन पुण्याहून ताम्हिणी घाटातून माणगावला जायचे होते. तेव्हा कुठे मी डिकी उघडली. पुष्कळदा गुन्हेगार तिथेच सापडतो. मोकळा पडलेला जॅक, पाना, नाहीतर नीट न कसलेली स्टेपनी. सगळे जुन्या टॉवेलात गुंडाळून घट्ट बसवले. आवाज जिथल्या तिथे.

मग एका काचेच्या, चकचकीत वर्कशॉपात गेलो. तिथल्या तरुणाने मला कॉफी दिली, गाडी आत नेली आणि अर्ध्या तासात निकाल दिला, "पुढचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर गेलेत." ते बदलले. बिल पाहून धक्का बसला तो मला. घरी परतताना फाटकापाशी आलो, आणि ठक्!

शेवटी शेजाऱ्यांनी मागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे धाडले. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. स्टुलावर बसल्या बसल्या विचारले, "आवाज कधी येतो, साहेब?"

"नेहमीच येतो."

"नेहमी कुठलाच आवाज येत नसतो. नीट आठवा."

मला बँकेतले दिवस आठवले. दिवसअखेर ताळा जुळला नाही, की नवखा कारकून सगळी व्हाउचरे उपसायला घेई. जुना जाणता माणूस आधी फरकाचा आकडा पाही. फरकाला नऊने भाग गेला, तर कुणीतरी ६३ चे ३६ लिहिले असण्याचा संभव मोठा. चूक कुठे आहे, हे फरकच सांगतो. फक्त त्याला विचारावे लागते.

मिस्त्रींचेही तसेच. गाडी उभी असताना इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी जड ठोकठोक आली, तर आतले बेअरिंग झिजले असण्याचा धोका. इंजिन तिथेच बंद करायचे आणि गाडी ओढून आणायची. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर पुढून टकटक आली, तर संशय चाकाकडे जाणाऱ्या ॲक्सलच्या सांध्यावर. टायर बदलल्यानंतर लगेच सुरू झाली, तर आधी चाकाचे नट पाहायचे. खड्ड्यात ठक् झाले, तर सस्पेन्शन. आणि चढावर जोर लावताना खणखण झाली, तर इंजिनात पेट्रोल नको त्या क्षणी पेटते आहे.

या शेवटच्या खणखणीने तर एके काळी मोटार उद्योगाची झोप उडवली होती. १९२१ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले, की पेट्रोलात शिशाचे एक संयुग किंचित मिसळले, की ती थांबते. आवाज थांबला, पण धुरातले शिसे हवेत गेले आणि श्वासावाटे कित्येक पिढ्यांतल्या मुलांच्या रक्तात उतरले. आपल्याकडे असे पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून देशभर बंद झाले. सर्वांत शेवटी अल्जीरियाने ते २०२१ मध्ये थांबवले. आवाज बंद करणे आणि दुखणे बरे करणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी गाणी मोठ्याने लावली, तो त्यातलाच प्रकार.

"पहिल्यांदा कुणी ऐकला?" मिस्त्रींचा पुढचा प्रश्न.

"बायकोनं."

"ताई कुठं बसतात?"

"माझ्या शेजारी."

"मग डावीकडून बघू."

जॅकवर गाडी उचलून त्यांनी खाली लोखंडी घोडी लावली. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही, हा त्यांचा नियम. चाक वर-खाली धरून हलवले. किंचित हलले. मग चाकाला धरून ठेवणाऱ्या लोअर आर्मखाली टॉमी घालून जरासा जोर दिला. ठक्! तोच आवाज. आर्मच्या टोकाचा बॉल जॉइंट झिजून ढिला झाला होता. त्यावरचे रबर फाटलेले, आत ग्रीसच्या जागी माती.

"हा निसटला असता तर?" मी विचारले.

मिस्त्रींनी हाताचा पंजा बाहेरच्या बाजूला आडवा पाडून दाखवला. "चाक असं. स्टिअरिंग मग तुमचं ऐकत नाही."

मला ताम्हिणीतली वळणे आठवली, आणि मागच्या सीटवरची नात. मी तिथल्याच एका टायरवर बसलो.

आर्म बदलला, चाकांचे अलाइनमेंट करून घेतले. खर्च आधीच्या बिलाच्या पाव हिश्श्याइतकाही आला नाही. त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याने विचारले नाही, हे खरे. पण मी तरी कुठे ऐकले होते?

ठरल्या दिवशी निघालो. फाटकापाशी मी गाणी बंद केली, काच खाली घेतली. गतिरोधक आला, गेला. काही नाही.

"ऐकलंत?" मी विजयाने विचारले.

"ऐकलं," सौभाग्यवती म्हणाल्या. "आता सांगा, तुमचा गुडघा जिना चढताना वाजतो, की उतरताना?"