‘जवळच तर जायचे आहे’ : मद्य, दुचाकी आणि मोपाचा बदललेला रस्ता

विमानतळ येण्यापूर्वी मोपाचे पठार रात्र पडताच शांत होत असे. वारखंड, नागझर, कासारवर्णे, तोरसे, उगवे या गावांना जोडणारे रस्ते अरुंद आणि वळणांचे होते, आणि त्यांवर रात्री दिसणारे वाहन बहुधा ओळखीच्या माणसाचेच असे. ११ डिसेंबर २०२२ रोजी मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्‌घाटन झाले. ५ जानेवारी २०२३ पासून प्रवासी विमानांची ये-जा सुरू झाली. जुलै २०२४ मध्ये धारगळ येथे राष्ट्रीय महामार्ग ६६ पासून विमानतळापर्यंतचा सुमारे सात किलोमीटरचा सहापदरी जोडरस्ता खुला झाला. दोन वर्षांच्या आत पेडण्याच्या या कोपऱ्याला रात्र उरली नाही.

रस्ता बदलला, तरी एक सवय मात्र जुन्याच रस्त्याची राहिली आहे. मित्रांबरोबर बसून दोन पेले घ्यायचे आणि ‘जवळच तर जायचे आहे’ असे म्हणत दुचाकीला चावी लावायची. लग्न असो, वाढदिवस असो, क्रिकेटची स्पर्धा असो किंवा हुर्राकाचा हंगाम, हे वाक्य पेडणे, डिचोलीत नवे नाही. ते म्हणणारा माणूस बेफिकीर असतोच असे नाही. तो रोज कामाला जाणारा, घरची जबाबदारी उचलणारा असतो. केवळ त्याचा हिशेब चुकलेला असतो. हा हिशेब नेमका कोठे चुकतो, हे समजून घेणे उपदेशापेक्षा अधिक उपयोगाचे आहे.

तीस मिलिग्रॅमचा अर्थ

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास वाहन चालवणे हा गुन्हा ठरतो. वाहन चालवण्याचा प्रयत्न केला तरी हेच कलम लागू होते. हे प्रमाण पेल्यांच्या भाषेत किती, याची कल्पना मात्र फार थोड्यांना असते.

साधारण ६५ किलो वजनाचा पुरुष गृहीत धरला, तर ६० मिलिलिटर व्हिस्कीतून किंवा फेणीतून सुमारे २० ग्रॅम अल्कोहोल शरीरात जाते आणि रक्तातील प्रमाण ४५ मिलिग्रॅमच्या आसपास पोहोचू शकते. ६५० मिलिलिटरची साधी बिअर, म्हणजे पाच टक्क्यांची एक मोठी बाटली, हाच आकडा ५५ ते ६० पर्यंत नेते. आठ टक्क्यांची ‘स्ट्राँग’ बिअर तो नव्वदीच्या पुढे नेऊ शकते. हुर्राक हे काजूच्या रसाचे पहिले ऊर्धपातन असल्याने त्यात अल्कोहोल साधारण १५ टक्के असते आणि फेणीत ४२ टक्क्यांच्या पुढे. म्हणून हुर्राक ‘हलका’ मानला जातो. पण तो लिंबाच्या सरबतासारखा मोठ्या पेल्यातून प्यायला जातो. दोनशे मिलिलिटर हुर्राकातून पोटात जाणारे अल्कोहोल एका मोठ्या पेगहून कमी नसते.

हे आकडे ढोबळ आहेत. वजन कमी असेल, पोट रिकामे असेल, पिण्याचा वेग जास्त असेल, तर प्रमाण आणखी वाढते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्याचा त्यांच्यावर अधिक परिणाम होतो. त्यामुळे ‘एकाने काय होते’ या प्रश्नाचे उत्तर अनेकदा एवढेच असते की, एकानेच कायद्याची मर्यादा ओलांडली जाते. शिवाय ही मर्यादा शिक्षेची आहे, सुरक्षिततेची नव्हे. मेंदूवरचा परिणाम तिच्या अलीकडेच सुरू झालेला असतो.

दोन चाकांचा तोल

मोटारगाडी थांबली तरी उभी राहते. दुचाकी उभी राहते ती चालवणाऱ्याच्या तोलावर. कानाच्या आतल्या भागातील संतुलनाची यंत्रणा, डोळे आणि स्नायू यांच्याकडून येणारी माहिती मेंदू क्षणाक्षणाला जुळवत असतो. उजवा हात एकाच वेळी वेग आणि पुढचा ब्रेक सांभाळतो, डावा हात क्लच, पाय गिअर आणि मागचा ब्रेक. वळणावर शरीराचा कल आणि हँडलवरचा दाब यांचा मेळ बसावा लागतो. हे सारे सवयीने होते, म्हणून ते सोपे वाटते. मद्याचा पहिला घाव नेमका या जुळवाजुळवीवर पडतो.

दुसरा घाव प्रतिसादावर. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी एका सेकंदात जवळपास १७ मीटर अंतर कापते. ब्रेक दाबायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशीर झाला, तर गाडी आठ मीटर अधिक पुढे गेलेली असते. रस्त्यात बसलेले गुरू, वळणावर उभा असलेला ट्रक, पावसात वाहून आलेली लाल माती यांच्यासाठी हे आठ मीटर पुरेसे असतात. समोरच्या वाहनाच्या प्रखर दिव्याने दिपलेले डोळे सावरायलाही मद्यपानानंतर अधिक वेळ लागतो.

तिसरा परिणाम सर्वांत फसवा. मद्य कौशल्य कमी करते आणि त्याच वेळी आत्मविश्वास वाढवते. आपण नीट चालवू शकतो का, हे ठरवणारी बुद्धीच आधी मंदावते. ‘मला काही झालेले नाही’ हे वाक्य म्हणूनच पुरावा म्हणून धरता येत नाही. एरवी नेमाने हेल्मेट घालणारा माणूसही अशा वेळी ते हँडलला अडकवून निघतो.

अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आणि १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोटरसायकल अपघातांच्या अभ्यासात, प्राणघातक अपघातांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये मद्याचा संबंध आढळला होता. गोव्यातील वृत्तपत्रांचा वाचक ‘स्वयंअपघात’ या शब्दाशी परिचित आहे. समोरून कोणी धडक दिलेली नसते. दुचाकी घसरते, संरक्षक कठड्यावर, वीजखांबावर किंवा झाडावर आदळते. असा प्रत्येक अपघात दारूमुळे होतो असे मुळीच नाही. खड्डे, गुरे, अंधार, झोप ही कारणेही असतात. पण तोल, प्रतिसाद आणि अंदाज हे तिन्ही एकदम ढासळले, तर अपघाताला दुसऱ्या वाहनाची गरजच उरत नाही.

सकाळच्या पाळीचा हिशेब

विमानतळामुळे पेडण्यात आणखी एक गोष्ट नव्याने आली, ती म्हणजे चोवीस तासांचे काम. सामान हाताळणारे, सफाई कामगार, सुरक्षा रक्षक, टॅक्सीचालक, उपाहारगृहांतील कर्मचारी यांच्या पाळ्या मध्यरात्री सुरू होतात, पहाटेही सुरू होतात. सीमेपलीकडील बांदा, सातार्डा, दोडामार्ग भागांतूनही अनेक तरुण दुचाकीनेच गोव्यात कामाला येतात. येथे प्रश्न केवळ रात्री पिऊन घरी जाण्याचा राहत नाही. रात्री पिऊन, झोपून, सकाळी कामावर निघण्याचाही असतो.

यकृत रक्तातील अल्कोहोल ठरावीक गतीनेच कमी करते, साधारणतः तासाला १५ मिलिग्रॅम. कोणाच्या बाबतीत थोडे कमी, कोणाच्या थोडे अधिक. समजा, वर धरलेल्या ६५ किलो वजनाच्या पुरुषाने रात्री नऊ ते एक या वेळेत ६० मिलिलिटरचे चार पेग घेतले. एक वाजता त्याच्या रक्तात सुमारे १२० मिलिग्रॅम अल्कोहोल असू शकते. चार तास झोपून तो पहाटे पाचला उठला, तर अजूनही साठच्या आसपास उरलेले असते, म्हणजे कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. तोंड धुतले, चहा घेतला, डोके जागेवर आले असे वाटले, तरी अल्कोमीटर ते ओळखतो, आणि वळणही ओळखते. रक्त पूर्ण स्वच्छ व्हायला सकाळचे नऊ वाजून जातात.

काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ, उलटी किंवा पोटभर जेवण यांपैकी कशानेही या गतीत फरक पडत नाही. कॉफी झोप घालवते, दारू नव्हे. ‘उतरली’ असे वाटणे आणि ती उतरणे यांमधले अंतर केवळ घड्याळच भरून काढते. त्यात अपुऱ्या झोपेची भर पडली, तर थोड्या प्रमाणाचाही परिणाम अधिक होतो.

ओळखीचा रस्ता, अनोळखी वेग

‘जवळच’ या शब्दात एक गृहीत धरलेले असते: रस्ता पाठ आहे. मोपा परिसरात हेच गृहीत आता लंगडे पडले आहे. गावातील रस्त्यावर चाळीसच्या वेगाने जाण्याची सवय असलेला दुचाकीस्वार काही मिनिटांत रुंद, उजळलेल्या, मोकळ्या रस्त्यावर येतो. तेथे वेग आपोआप वाढतो आणि वाढल्याचे जाणवत नाही. मागून विमान गाठण्याच्या घाईतील टॅक्सी येत असते. रस्ता न ओळखणारा पर्यटक भाड्याच्या स्कूटरवर मध्येच थबकतो. पुन्हा गावाच्या वाटेला वळताना तोच माणूस उजेडातून एकदम अंधारात शिरतो. शुद्धीवर असलेल्या माणसालाही येथे लक्ष लागते.

किनाऱ्याकडे चित्र निराळे, पण धोका तोच. मोरजी, मांद्रे, हरमल येथे हॉटेलांत आणि शॅकमध्ये काम करणारे अनेकजण रात्री उशिरा पेडण्याच्या आतल्या गावांकडे परततात. त्या वेळी बस मिळणे कठीण असते आणि टॅक्सीचे भाडे दिवसाच्या मजुरीच्या मानाने जड वाटते. दुचाकी ही येथे चैन नसून गरज आहे. म्हणूनच ‘पिऊन चालवू नका’ एवढे सांगून विषय संपत नाही. परतायचे कसे, याचे उत्तरही द्यावे लागते.

जखम आणि दारूचा पडदा

अपघातानंतरही मद्याचा धोका थांबत नाही. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची गुंगी, बरळणे, उलटी ही मेंदूतील रक्तस्रावाची लक्षणे असू शकतात. आणि दारूच्या नशेचीही लक्षणे तीच आहेत. बरोबरचे मित्र ‘जास्त झाली आहे, झोपू दे’ असे म्हणून त्याला घरी आणून निजवतात, आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात. नशेत वेदनाही कमी जाणवतात. बेशुद्धीत उलटी श्वासनलिकेत जाऊन गुदमरण्याचा धोका वेगळाच.

म्हणून पिऊन दुचाकीवरून पडलेल्या माणसाला झोपवून ठेवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि त्याने मद्य घेतल्याचे डॉक्टरांना लपवू नये. मेंदूच्या गंभीर दुखापतीसाठी पेडण्याच्या रुग्णाला शेवटी बांबोळीच्या गोमेकॉपर्यंत न्यावे लागते. हे अंतर लक्षात घेता प्रत्येक मिनिट मोलाचे आहे. अपघातग्रस्ताला सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला कायद्याच्या कलम १३४अ नुसार संरक्षण आहे. पोलिसांच्या भीतीने पाठ फिरवण्याचे कारण नाही. चांगल्या दर्जाचे, पट्टा बांधलेले हेल्मेट मृत्यूचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका जवळपास ७० टक्क्यांनी कमी करते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित निष्कर्षांतून दिसले आहे. मागे बसणाऱ्यालाही ते तितकेच आवश्यक आहे.

तालांवच्या पलीकडे

कलम १८५ खाली पहिल्या गुन्ह्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही, तर पुन्हा तोच गुन्हा केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. परवाना निलंबित होऊ शकतो. श्वास तपासणीस नकार दिल्याने सुटका होत नाही. तो नकारच न्यायालयात विरोधात जाऊ शकतो. कलम १८८ नुसार या गुन्ह्यास प्रोत्साहन देणाराही त्याच शिक्षेस पात्र ठरतो. झिंगलेल्या मित्राच्या हाती चावी ठेवून ‘जा, काही होत नाही’ म्हणणाऱ्याने हे लक्षात ठेवावे. अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर कलम १९९अ नुसार पालक किंवा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो.

दंडाची चर्चा होते, विम्याची सहसा होत नाही. वाहन विम्यात मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचे वैयक्तिक अपघात संरक्षण असते. मद्याच्या अमलाखाली झालेला अपघात त्यातून वगळलेला असतो. वाहनाच्या नुकसानीची भरपाईही नाकारली जाते. म्हणजे कमावता माणूस गेला, तर त्याच्या पत्नीला आणि मुलांना जो शेवटचा आधार मिळायचा, तोही त्या दोन पेल्यांसह गेलेला असतो. कर्जावर घेतलेली दुचाकी असेल, तर हप्ते मात्र उरतात.

पहिल्या घोटापूर्वी

मद्य घेतल्यानंतर माणूस योग्य निर्णय घेईल, ही अपेक्षाच चुकीची आहे; कारण निर्णय घेणारी बुद्धीच तेव्हा जागेवर नसते. म्हणून निर्णय आधी व्हायला हवा. पिण्याचा बेत असेल, तर दुचाकी घरीच ठेवावी. चौघांत एकाने त्या दिवशी न पिण्याचे ठरवावे, आणि चावी पहिला पेला भरण्यापूर्वी त्याच्याकडे द्यावी. मात्र तोल न सांभाळणाऱ्याला दुचाकीच्या मागे बसवणेही धोक्याचे असते. त्यासाठी चारचाकी किंवा टॅक्सीच हवी. नाहीतर यजमानाच्या घरी रात्र काढावी. पहाटेची पाळी असेल, तर आदल्या रात्री पिऊ नये, एवढा साधा नियम पुरेसा आहे.

हे केवळ व्यक्तीवर सोडून भागणार नाही. गोव्यातील बार आणि उपाहारगृहांनी झिंगलेल्या ग्राहकाच्या परतीची सोय पाहावी, अशी सूचना राज्यात वेळोवेळी झाली आहे. ज्यांच्याकडे रात्रपाळी आणि पहाटपाळी चालते, त्या आस्थापनांनी आतल्या गावांपर्यंत वाहन दिले, तर अनेक दुचाक्या रस्त्यावर येणारच नाहीत. पंचायतींनी आणि क्रीडा मंडळांनी आपल्या कार्यक्रमांच्या रात्री परतीच्या गाडीचा विचार मंडपाच्या विचाराइतकाच करावा.

राज्यात दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे रस्त्यावर मरतात. गोव्यासारख्या लहान राज्यात ही संख्या परकी राहत नाही. प्रत्येक गावात अशा एखाद्या घराची ओळख असते. मोपाहून वारखंड जवळच आहे, नागझरही जवळच आहे. एवढे जवळ की, पायी जाता येईल, कोणाला तरी हाक मारता येईल, सकाळपर्यंत थांबताही येईल. घर जवळ आहे, हे दुचाकी घरीच ठेवायचे खरे कारण आहे.