बटाट्याचे गुण व हिरव्या सालीचा दोष

सातारा जिल्ह्यातील खटाव व कोरेगाव ह्या तालुक्यांस बटाट्याचे पीक नवे नाही. पुसेगावच्या आसपास पावसाळ्याच्या आरंभी लागण व नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास काढणी, असा खरिपाचा क्रम आहे. शेजारच्या सांगली जिल्ह्यात हळद, ऊस व द्राक्षे ह्यांचे महत्त्व अधिक. तरी एकादशीच्या फराळास तेथेही बटाटा लागतोच. अशा ह्या नित्याच्या कंदास कोणी केवळ वातूळ व स्थूलता आणणारा म्हणून नावे ठेवितो, तर कोणी त्यात औषध पाहतो. आमच्या मते दोन्ही टोके सोडावी. बटाट्याचे गुण खरे आहेत. परंतु ते राखणे पुष्कळ अंशी पिकविणाऱ्याच्या हाती आहे.

प्रथम गुण पाहू. सालीसह उकडलेल्या १०० ग्रॅम बटाट्यात सुमारे २० ग्रॅम पिष्टमय पदार्थ, २ ग्रॅम प्रथिन, ३८० मिलिग्रॅम पोटॅशियम व १३ मिलिग्रॅम ‘क’ जीवनसत्त्व असते. युरोपात गरिबांच्या आहारात बटाटा रुळल्यावर ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा स्कर्व्ही रोग मागे हटला, तो ह्याच गुणामुळे. सालीत व सालीलगतच्या भागात क्लोरोजेनिक आम्लासारखी द्रव्ये असतात. ती शरीरातील घातक ऑक्सिडीकरणास आळा घालणाऱ्या वर्गातील होत. तथापि त्यांवरून बटाट्यास औषध म्हणणे योग्य नव्हे. मधुमेह्याने प्रमाण राखावे, व मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्याने पोटॅशियममुळे वैद्याचा सल्ला घ्यावा. सोलून, चिरून पुष्कळ पाण्यात शिजवून ते पाणी टाकल्यास क्षार व जीवनसत्त्व पाण्याबरोबर जातात. म्हणून सालीसह उकडणे उत्तम.

आता दोष. कंद स्वसंरक्षणार्थ सोलॅनिन व चॅकोनिन नावाची कडू विषद्रव्ये तयार करितो. चांगल्या बटाट्यात ती अत्यल्प असतात. १ किलो ताज्या बटाट्यात ही दोन्ही मिळून २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, असा संकेत आहे. परंतु कंदावर उजेड पडला, तो ठेचला गेला वा त्यास मोड आले, की ती वाढतात. उजेडाने येणारा हिरवा रंग हरितद्रव्याचा असून तो स्वतः निरुपद्रवी आहे. पण ज्या उजेडाने तो येतो त्यानेच विषही वाढते, म्हणून तो धोक्याची खूण समजावा. शिजविल्याने ही द्रव्ये नष्ट होत नाहीत. त्यांपासून मळमळ, वांत्या, पोटदुखी व जुलाब होतात. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या एका इंग्रजी वैद्यकीय लेखात, सुट्टीपूर्वीचे उरलेले बटाटे शाळेच्या जेवणात आल्याने ७८ मुले आजारी पडल्याचे व त्यांपैकी १७ जणांस इस्पितळात ठेवावे लागल्याचे नमूद आहे.

ह्यात आमच्या शेतकरी बंधूंनी विशेष लक्ष द्यावे अशी एक गोष्ट आहे. निवडक माल बाजारात जातो आणि हिरवट, फुटका, खरचटलेला माल ‘घरच्यापुरता’ म्हणून मागे राहतो. म्हणजे जो बटाटा गिऱ्हाईक नाकारील तो आपल्या मुलाबाळांच्या ताटात येतो. लागणीतून उरलेल्या बेण्याचेही तसेच. बेण्यास मोड यावे म्हणून ते मुद्दाम उजेडात ठेवितात, व बहुधा त्यास बुरशीनाशकही लावलेले असते. असे बेणे खाण्यास सर्वथा वर्ज्य होय, व जनावरांसही घालू नये.

उपाय सोपे आहेत. वरंब्यास वेळेवर मातीची भर द्यावी, म्हणजे कंद उघडे पडत नाहीत. काढणीनंतर माल उन्हात पडू देऊ नये. सावलीत ढीग करून तो उजेड न लागेल असा झाकावा, मात्र हवा खेळती ठेवावी. घरीही बटाटे अंधाऱ्या, थंड, कोरड्या जागी ठेवावे. किंचित हिरवा भाग वा मोडाचा डोळा असल्यास तो खोल कापून काढावा. बराचसा हिरवा अथवा चवीस कडू लागणारा बटाटा मात्र संपूर्ण टाकावा. टाकलेल्या चार बटाट्यांचे मोल एका दुखण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.