कानांत दडे का बसतात?

दुबईची बुर्ज खलिफा ही इमारत ८२८ मीटर उंच आहे. तिच्या १२४ व्या मजल्यावरून शहर पाहता येते. लिफ्ट सुमारे एका मिनिटात तेथे नेते. तेवढ्यात लहान मुले कान धरतात, रडतात. मुलांनो, त्यांना भित्रे म्हणू नका! उंचावर हवेचा दाब कमी असतो. कानाच्या पडद्यामागे मात्र खालचीच हवा असते. ती पडदा बाहेर ढकलते. आवंढा गिळला की घशापासून कानापर्यंतची नळी उघडते आणि दडा सुटतो. लहानांची नळी अरुंद असते. म्हणून धाकट्या भावंडाला घोट घोट पाणी द्यावे. तान्ह्या बाळाला आईने दूध पाजावे. उतरताना नळी सहज उघडत नाही. सर्दी असेल, तर कान फारच दुखतो. म्हणून थोडे पाणी परतीसाठी राखून ठेवा.