स्वयंवादी पियानो तबकडी कशी ओळखतो?

कोणाचेही बोट न लागता ज्याच्या पट्ट्या आपोआप खालीवर होतात, अशा पियानोविषयी पाहणाऱ्यांच्या मनात जे ग्रह निर्माण होतात, त्यांतील सर्वांत बळकट ग्रह तबकडीसंबंधीचा आहे. बाजारात मिळणारी एखाद्या गायकाची साधी सीडी खणात सरकवावी, गायकाचा कंठ ध्वनिवर्धकातून उमटावा आणि त्याच वेळी समोरच्या खऱ्याखुऱ्या पियानोने त्याची साथ धरावी, हे यामाहाच्या डिस्क्लाव्हिअर पियानोत ‘पियानोस्मार्ट’ नावाच्या सोयीने घडते. आणि ते पाहून पुष्कळ सुजाण माणसेही असे मानून चालतात की यंत्र ते गाणे ऐकते, त्यातील पियानोचे स्वर वेचून काढते आणि तत्काळ पट्ट्यांवर उतरवते.

वस्तुस्थिती निराळी आहे. पियानोची साथ आधीच स्वतंत्रपणे नोंदलेली असते आणि ती मिडी पद्धतीच्या संचिकेच्या रूपाने फ्लॉपीवर किंवा यंत्राच्या स्मृतीत ठेवलेली असते. कोणती पट्टी, कोणत्या क्षणी, किती जोराने दाबायची आणि पायपट्टी केव्हा सोडायची, एवढाच तपशील त्या संचिकेत असतो. प्रत्यक्ष ध्वनीचा तीत लवलेश नसतो. तबकडीने गळा द्यायचा आणि संचिकेने हात द्यायचे, अशी ही वाटणी असल्यामुळे यंत्रापुढचा खरा प्रश्न संगीत समजण्याचा नसून, आत आलेल्या तबकडीशी आपल्या दप्तरातील कोणती संचिका जुळते, हे मुकर्रर करण्याचा आहे.

येथे दुसरा समज पुढे येतो, तो असा की संग्रहाचे आणि गायकाचे नाव तबकडीवर लिहिलेले असणारच आणि यंत्र तेच वाचत असणार. परंतु सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी १९८० साली सीडीचे जे मूळ मानक ठरविले, त्यात गाण्याच्या नावाची तरतूदच नव्हती. दर सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली ध्वनीची मापे आणि ती शोधून काढण्यापुरती व्यवस्था, एवढाच त्या तबकडीचा मजकूर. नावे साठविण्याची सोय पुढे १९९६ मध्ये आली, पण ती ऐच्छिक होती आणि असंख्य तबकड्या तिच्यावाचूनच निघाल्या. विक्रीचा क्रमांक किंवा प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा आंतरराष्ट्रीय संकेत नोंदण्याची मुभा मानकात आहे खरी, मात्र तीही सक्तीची नाही. वरच्या बाजूला छापलेले नाव तर लेसरच्या दृष्टीस पडतच नाही, कारण तो खालच्या बाजूने वाचतो.

मग प्रत्येक साध्या ध्वनितबकडीवर हमखास सापडणारा दाखला कोणता? तो म्हणजे तिची अनुक्रमणिका. सीडी आतून बाहेर वाचली जाते आणि अगदी आतल्या वलयात एकंदर गाणी किती, प्रत्येक गाणे कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला आणि सेकंदाच्या कितव्या चौकटीला सुरू होते, आणि शेवटचे गाणे कोठे संपते, याची नोंद असते. एका सेकंदाच्या ७५ चौकटी धरल्या, तर ७४ मिनिटांच्या तबकडीत ३,३३,००० चौकटी होतात. दोन भिन्न संग्रहांतील दहाबारा गाण्यांचे आरंभ इतक्या बारीक मापाने एकमेकांशी तंतोतंत जुळणे जवळजवळ अशक्य असते. भूमापन खात्याचा मोजणीदार शेताची ओळख त्यातील पिकावरून नव्हे तर बांधांच्या मापांवरून पटवतो, त्याच न्यायाने ही ओळख पटते.

टी कान आणि स्टीव्ह शेर्फ यांनी संगणकांसाठी उभारलेली सीडीडीबी ही नामसूची याच तत्त्वावर चालली. तीत गाण्यांच्या आरंभवेळांतील अंकांची बेरीज, तबकडीची एकूण लांबी आणि गाण्यांची संख्या यांवरून आठ चिन्हांचा संकेत काढीत. इतक्या आखूड संकेतात दोन निराळ्या तबकड्यांची गल्लत होऊ शके, आणि ती होतही असे. पुढे निघालेल्या म्युझिकब्रेन्झने म्हणूनच संपूर्ण अनुक्रमणिकेवरून लांब संकेत काढण्याची पद्धत स्वीकारली. या नामसूच्या इंटरनेटवर असल्यामुळे पियानोलाही इंटरनेट लागतेच, असा समज होतो. परंतु ज्या मोजक्या तबकड्यांच्या संचिका जवळ आहेत, त्यांच्याशीच रुजवात घालावयाची असेल, तर त्या तबकड्यांची मापे यंत्राच्या स्वतःच्या दप्तरात असली म्हणजे पुरे.

सर्वाधिक मनस्ताप देणारा गैरसमज मात्र याहून साधा आहे: संग्रह तोच, म्हणजे तबकडीही तीच. पुनर्मुद्रणात दोन गाण्यांमधील शांततेत काही चौकटींचा फरक पडतो, नव्या आवृत्तीत एखादे गाणे वाढते, आणि अनुक्रमणिका बदलते. घरी केलेल्या प्रतीचेही तसेच. मूळ तबकडीची मापे जशीच्या तशी ठेवून सलग केलेली प्रत ओळखली जाऊ शकते. पण एकेक गाणे सुटे लिहिल्यास लेखनयंत्र बहुधा मध्ये दोन सेकंदांचे अंतर घालते आणि ताळा बिघडतो. शिवाय येथे ओळख पटून भागत नाही; हातोडी तारेवर आदळण्यास लागणारा वेळ स्वराच्या मंदतीव्रतेनुसार बदलत असल्याने, डिस्क्लाव्हिअरमध्ये आज्ञा आणि स्वर यांत अर्ध्या सेकंदाचे अंतर हेतुपुरस्सर राखून सर्व स्वर वेळेवर आणले जातात. इतक्या काटेकोर मेळात गाण्याचा आरंभ थोडा जरी सरकला, तरी गायक आणि साथ यांची फारकत कानाला तत्काळ जाणवते.

पियानोडिस्क आणि क्यूआरएस या कंपन्यांनी पियानोसाठीच खास काढलेल्या तबकड्यांचा प्रकार याहून वेगळा. त्यांत दोन ध्वनिवाहिन्यांपैकी एकीवर गाणे आणि दुसरीवर पट्ट्यांच्या आज्ञा सांकेतिक ध्वनीच्या रूपाने भरलेल्या असतात. साध्या यंत्रावर लावल्यास ती दुसरी वाहिनी निव्वळ कर्कश आवाज करते. येथे तबकडी कोणती हे ओळखण्याची गरजच उरत नाही. आज्ञांची लिपी कोणत्या कंपनीची, एवढे कळले की पुरे. कागदी गुंडाळ्यांवर चालणारे जुने पियानोही असेच होते: छिद्रातून हवा गेली की पट्टी दबे, गुंडाळीचे नाव काहीही असो. १९०८ साली अमेरिकेतील बफलो येथे उत्पादकांनी ८८ स्वरांच्या गुंडाळीचे समान माप ठरविल्यानंतर एका कारखान्याची गुंडाळी दुसऱ्याच्या पियानोवर वाजविणेही सुलभ झाले.

तेव्हा ज्यांच्या घरी असा पियानो आहे, त्यांनी साथीच्या संचिकेसोबत सांगितलेला तबकडीचा विक्रीक्रमांक आणि आवृत्ती पाहूनच खरेदी करावी. आणि तबकडी ओळखली गेली नाही, तर यंत्र दुरुस्तीस धाडण्यापूर्वी त्या क्रमांकाची खातरजमा करून घ्यावी.