पदकाच्या कडेवरचा माणूस

जुनं लष्करी पदक हाती आलं की आपण काय बघतो? राजाचा चेहरा, मागचं चित्र, विटलेली फीत. पण अस्सल खजिना असतो तो कडेवर!

पहिल्या महायुद्धाचं चांदीचं 'ब्रिटिश वॉर मेडल' घ्या. एका बाजूला पाचवा जॉर्ज, दुसरीकडे घोड्यावरचा योद्धा. अशी एकसारखी लाखो पदकं निघाली. आता ते उजेडात तिरपं धरा आणि कड हळूहळू फिरवा. त्या चिंचोळ्या पट्टीवर बारीक इंग्रजी अक्षरं ठोकलेली दिसतील. क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण. लाखोंतलं ते एक पदक बघता बघता एका माणसाचं होऊन जातं. पदक चांदीचं नसून ब्राँझचं असेल, तर ते बहुधा मजूर तुकडीतल्या माणसाचं. म्हणजे नाव वाचण्याआधीच धातू बोलायला लागतो!

मग नुसत्या क्रमांकावरून शिपाई सापडेल का? छे. प्रत्येक पलटणीचे क्रमांक वेगळे, त्यामुळे एकच आकडा अनेक पलटणींत भेटतो. गाव न सांगता नुसता गट नंबर सांगितला तर तलाठी तरी कुठला सातबारा काढून देणार? इथे पलटण हेच गाव.

आणि ही पलटणींची वाट थेट आपल्या मराठवाड्यात येते. 1999 पर्यंत परभणी जिल्ह्यात असलेल्या हिंगोलीला हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती. फौजेचा खर्च निजामाच्या माथी आणि हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा! या खर्चापोटी 1853 मध्ये इंग्रजांनी वऱ्हाड आपल्या ताब्यात घेतला. 1903 मध्ये कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाली आणि तिच्या घोडदळातून '20 वी डेक्कन हॉर्स' आकाराला आली. ही पलटण पुढे कुठे पोचली असेल? फ्रान्सला! 14 जुलै 1916 रोजी, मशीनगनच्या जमान्यात, सोमच्या रणभूमीवर हाय वुडपाशी तिच्या स्वारांनी भाले सरसावून धडक मारली.

या पलटणीच्या एखाद्या स्वाराचा 'स्टार', म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक मिळालं, तर त्यावरची वर्षं नीट वाचा. '1914' आणि '1914-15' हे दोन तारे दिसायला जवळजवळ सारखेच. पण पहिला मिळाला तो फक्त 5 ऑगस्ट ते 22 नोव्हेंबर 1914 या काळात फ्रान्स किंवा बेल्जियममध्ये सेवा बजावणाऱ्यांना. एवढ्याशा फरकावरून शंभर वर्षांपूर्वी एक माणूस त्या महिन्यांत त्या आघाडीवर होता की नाही, ते कळतं! ताऱ्याला कड नसते, म्हणून नाव पाठीवर शोधायचं.

पायदळाचा माग काढताना जरा गोंधळ उडतो, कारण पलटणींची नावं बदलत गेली. कंटिंजंटच्या पायदळातून 1922 मध्ये '19 वी हैदराबाद रेजिमेंट' झाली आणि 1945 मध्ये तिचंच नाव 'कुमाऊं रेजिमेंट' पडलं. स्वतंत्र भारताचं पहिलं परमवीर चक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा 4 कुमाऊंचे. म्हणजे त्यांच्या पलटणीचं मूळ दख्खनच्या मातीत!

पण मला सर्वांत जास्त हलवून टाकते ती बसऱ्याची गोष्ट. सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये 103, 110 आणि 117 या तीन मराठा पलटणी होत्या. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमारा इथे ही डिव्हिजन 147 दिवस वेढ्यात अडकली. अन्न संपलं आणि 29 एप्रिल 1916 रोजी तिने शरणागती पत्करली. त्या मोहिमेत मेलेल्या, पण ज्यांची कबरही सापडली नाही अशांसाठी बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर इंग्रज सैनिकांची नावं कोरली. हिंदी अधिकाऱ्यांचीही कोरली. आणि साध्या हिंदी शिपायांचा? पलटणवार नुसता आकडा! भिंतीवर ज्याला नावाइतकी जागा मिळाली नाही, त्याचंच नाव त्याच साम्राज्याने पदकाच्या कडेवर मात्र ठोकून दिलं. मग अशा शिपायाच्या पदकाचं मोल चांदीच्या भावाने कसं करणार?

शिपाई युद्धात मेला असेल, तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या ऑनलाइन नोंदींत शोधता येतं. कित्येक नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुकाही सापडतो. मात्र कारकुनाने कानावर पडेल तसं इंग्रजीत लिहिलेलं असतं. म्हणून ते मोठ्याने वाचा. डोळ्यांना परका वाटणारा शब्द कानाला लगेच ओळखीचं गाव वाटतो.

तुमच्या घरी, आजीच्या ट्रंकेत वा देव्हाऱ्यात असं पदक असेल, तर ते चिंच किंवा राख लावून घासू नका. घासून घासून कडेची अक्षरं झिजतात. सोनाराकडे मोडीत तर मुळीच घालू नका. आजच कडेचा फोटो काढा, क्रमांक आणि पलटण वहीत उतरवून घ्या आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला त्या नावाविषयी विचारा.