वाळूजच्या मुक्या रहिवाशांची चाळीस वर्षं

नोव्हेंबर १९८५ मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते बजाज ऑटोच्या औरंगाबादजवळच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) वाळूज प्रकल्पाचं उद्घाटन झालं. वडगाव कोल्हाटीच्या शिवारात कामगारांची वसाहत उभी राहू लागली आणि तिचं बजाजनगर झालं. बीड, जालना, परभणी, बुलढाण्याकडून आणि पुढे बिहार, उत्तर प्रदेशातून माणसं पोटासाठी इथे आली. दाराशी कुत्रं असायचंच, ही गावाकडची सवयही त्यांच्याबरोबर आली. पण एका खोलीत चौघं राहत असतील तर कुत्रं ठेवायचं कुठे? मग ते कुणा एकाचं न राहता गल्लीचं झालं. मोत्या, वाघ्या, काळू अशी नावं पडली. पहिल्या पाळीला निघणारा डब्यातली अर्धी पोळी टाकून जाई. दुसरी पाळी सुटली की तीच कुत्री रात्री उशिरा रस्त्याच्या कडेला वाट बघत बसलेली असत.

या पहिल्या काळात माया होती, पण सोय नव्हती. चाकाखाली पाय गेला की लोक हळद भरत. फार तर रिक्षा करून शहरात खडकेश्वरच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेत. रात्रीच्या वेळी तोही मार्ग बंद असे. जखमी जनावर ठेवायला छप्पर नव्हतं. त्यामुळे उपचार झाले तरी टाके पडलेलं कुत्रं पुन्हा धुळीतच जाई.

मोकाट जनावरांचा हा प्रश्न मुंबईने फार आधी पाहिला होता. १८३२ मध्ये इंग्रज सरकारने मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला, तेव्हा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगल झाली. १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाने प्राण्यांचं रुग्णालय उभं राहिलं. दानशूर घराणं, संस्था आणि शहर एकत्र आलं की काय होतं, याचा तो दाखला आजही चालू आहे. कुत्री मारून संख्या आटोक्यात येत नाही, हे मात्र सरकारी पातळीवर मान्य व्हायला स्वातंत्र्यानंतरही अनेक दशकं गेली. कुत्र्यांच्या जन्मनियंत्रणाच्या २००१ च्या नियमांनी सांगितलं: पकडा, नसबंदी करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथेच सोडा.

नियम आला, पण बजाजनगर महापालिकेच्या हद्दीबाहेरचं. एका बाजूला ग्रामपंचायत, दुसऱ्या बाजूला एमआयडीसी. कुत्र्यांसाठी फोन कुणाला करायचा, याचं उत्तर टेबलागणिक बदलायचं. इकडे कुत्रीचा गाभणकाळ जेमतेम दोन महिन्यांचा आणि वर्षाला दोनदा पिल्लं होतात. कागद फिरेपर्यंत गल्लीत नवी पिढी खेळू लागते. ही पोकळी भरून काढली ती पोरापोरींनी. कुणी आयटीआयचं, कुणी कंपनीत ट्रेनी, कुणी शिकवणी घेणारी ताई. व्हॉट्सॲपवर फोटो यायचा आणि पोतं, दोरी, बिस्किटाचा पुडा घेऊन दुचाकी निघायची.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि वाळूजचे भोंगे थांबले. कँटीन, हॉटेलं, चहाच्या टपऱ्या, सगळं बंद. खोल्या रिकाम्या करून माणसं गावी गेली. उरल्यासुरल्यावर जगणाऱ्या जनावरांचं अन्न एका रात्रीत तुटलं. त्या उन्हाळ्यात घरोघरी भाताचं एक माप जास्त शिजू लागलं आणि फाटकाबाहेर पाण्याच्या कुंड्या आल्या. पुढे प्राण्यांच्या निवाऱ्यांना जो आधार मिळाला, त्याची सवय तेव्हा लागली.

टाळेबंदी उठल्यावर वेगळंच दुखणं पुढे आलं. घरात बसून कंटाळलेल्यांनी हौसेने आणलेली लॅब्रॅडॉर, पग, पर्शियन मांजरं रस्त्यावर दिसू लागली. बदली झाली, घरमालकाने हाकललं, औषधपाणी परवडेना, अशी कारणं अनेक. गल्लीचं कुत्रं निदान रस्ता ओळखतं. घरात वाढलेलं मात्र सोडलं तिथेच बसून राहतं आणि येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे मान वर करून बघतं. प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या १९६० च्या कायद्यात पाळलेलं जनावर विनाकारण वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा आहे, पण पहिल्या वेळचा दंड दहा ते पन्नास रुपये. इतक्या पैशांत आज दोन वेळचं कुत्र्याचं जेवणही होत नाही. याची लाज समाज म्हणून आपल्याला वाटली पाहिजे.

२०२३ च्या नव्या नियमांनी नसबंदीच्या जबाबदारीत ग्रामपंचायतींनाही धरलं. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री मूळ जागी सोडायला सांगितलं, रेबीज झालेली आणि आक्रमक कुत्री वगळून. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आणि परत तिथे न सोडण्याचा आदेश आला. म्हणजे निवाऱ्यावरचा भार वाढणार. रात्रपाळीहून दुचाकीवर येणाऱ्या कामगाराला चावण्याची भीती वाटते, तीही खरी आहे. कानाला खाच असलेलं, म्हणजे नसबंदी आणि लस झालेलं कुत्रं गल्लीत असणं हेच त्या भीतीवरचं औषध आहे.

चाळीस वर्षांकडे वळून पाहताना एक गोष्ट लख्ख दिसते: निवारे एकदाच्या मोठ्या देणगीवर तगत नाहीत. वाढदिवसाला तांदळाचं पोतं येतं, फोटो निघतो आणि पुढचे तीन आठवडे कुणी फिरकत नाही. रोजची कामं मात्र ठरलेली असतात. पिंजरे धुवायचे, तेही मांजरांच्या खोलीत फिनेल न वापरता, कारण मांजरांना ते बाधतं. पार्व्होचा संसर्ग झालेली पिल्लं वेगळी ठेवायची, खरजेवरचं औषध तारखेला द्यायचं, लंगड्या कुत्र्याला दोन्ही वेळा फिरवायचं. त्यासाठी दरमहा ठरलेली थोडी रक्कम हवी, जुन्या चादरी हव्यात आणि आठवड्यातला एक तास हवा. त्याहून मोठी मदत म्हणजे एखादं गावठी पिल्लू घरी नेणं. एक पिंजरा मोकळा झाला की रस्त्यावरच्या दुसऱ्या जखमी जिवाला जागा मिळते.

वाळूजमध्ये मोठे उद्योग आहेत, सामाजिक दायित्वाचा निधी आहे, ग्रामपंचायती आहेत आणि तीन पाळ्यांत शिस्तीने काम करणारी हजारो माणसं आहेत. या परिसराचं स्वतःचं नसबंदी केंद्र आणि कायमचा निवारा उभा राहणं अवघड नाही. ज्या वस्तीने परमुलखातून आलेल्या प्रत्येकाला जागा दिली, तिने या मुक्या रहिवाशांचीही जबाबदारी आता रीतसर, हिशेबाने आणि कायमची घ्यावी.