गादीवर कोण बसते?

दिवाळीत गुजरीतल्या पेढीवर वहीपूजन होते. आजोबा पाच वर्षांच्या नातवाला गादीवर बसवितात, त्याच्या हाताने वहीवर ‘श्री’ गिरवून घेतात. थोरली बहीण त्या वेळी दारात रांगोळी पूर्ण करीत असते. तिला कोणी काही बोलत नाही, रागावून तर मुळीच नाही. तरीही पेढी कोणाची आणि उंबरठा कोणाचा, हे दोघांना त्या दिवशी उमगते. मुलगा वा मुलगी म्हणून वागावयाची रीत बहुधा अशीच, उपदेशावाचून, हाती आलेल्या कामातून अंगवळणी पडते.

आपल्या परंपरेतील कथा मात्र निराळी आहे. भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली. मग हिशेबाची वही मुलाकडेच का जावी?

वाढत्या वयात ही रीत बदलता येते, याचे उदाहरण कोल्हापुरातच आहे. १९१८ मध्ये राजपुत्र शिवाजी यांचे शिकारीत अपघाती निधन झाले, तेव्हा त्यांच्या पत्नी इंदुमतीदेवी अवघ्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. बालविधवेने कसे जगावे, हे त्या काळी ठरलेलेच होते. सासरे राजर्षी शाहू महाराज यांनी ते मानले नाही. सोनतळीला त्यांनी सुनेच्या राहण्याची व शिक्षणाची व्यवस्था केली, सोबत शिकावयास मैत्रिणी दिल्या. महाराज १९२२ मध्ये निवर्तले. १९२५ मध्ये इंदुमतीदेवी मॅट्रिक झाल्या. घरातील कर्त्या पुरुषाने पुस्तक हाती दिले नसते, तर त्यांच्या जिद्दीला वाट कोठून मिळती?

आजची सून बी.कॉम. असते, रात्री घरी बसून जीएसटीचे विवरणपत्र भरते. दुकानाच्या पाटीवर ‘आणि सन्स’ तसेच राहते. पन्नाशीत तीच कागदोपत्री भागीदार होते आणि दाखवतील तेथे सही करते. मुलाचेही ओझे कमी नसते. शिक्षक व्हावे असे मनात असूनही गादीवर बसलेला तरुण आपल्या ओळखीत एखादा तरी असतोच.

हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून अविभक्त कुटुंबाच्या मिळकतीत मुलगी जन्मतःच मुलाइतकीच हक्कदार ठरली. वडील त्यापूर्वी वारले असले तरी हा हक्क राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. तरीही वडिलांच्या पश्चात बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. माहेर तुटू नये म्हणून, रांगोळी काढणारी तीच बहीण, न वाचता त्यावर सही करते.